पुतळा जाळलेला नवरा

मंजुळाबाईला नवऱ्याचं तोंड नीट आठवत नव्हतं. हे वाचून कोणाच्या कपाळाला आठ्या पडत असतील तर त्याने आधी तेव्हाची घरं समजून घ्यावीत. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी, १९३८ साली, ती पुसेगावात नांदायला आली. घरात सासू, थोरला दीर तातेराव, जाऊ पार्वतीबाई. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली. दिवसा नवऱ्याशी बोलणारी सून म्हणजे निर्लज्ज, आणि रात्री दिवा लावायचा नाही, कारण रॉकेल फुकट येत नव्हतं. अशा घरात बाईने नवऱ्याचं तोंड पाहायचं कधी?

तिने सोनाजीला पाहिलं ते वावरात, तेही पाठमोरं. पेरणीला तो तिफणीवर असायचा, एका हातात बैलांचा कासरा, दुसऱ्या हाताची मूठ बी सोडायच्या चाड्यावर. त्याच्या मागे दोरीला बांधलेली बांबूची नळी धरून ही करडई सोडत चालायची. एका तासाला, म्हणजे पेरणीच्या एका ओळीला, दोघं बांधापर्यंत जायची आणि वळून परत यायची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिच्या पुढ्यात ती एकच पाठ असायची. वावरात सासू नसे, म्हणून तिथे चार शब्दही व्हायचे. तो पुढे पाहत बोलायचा, ती पाठीला उत्तर द्यायची. असे दोन हंगाम गेले. संसार म्हणावा तर एवढाच.

तातेराव हे माझे सख्खे आजोबा. म्हणून मी त्यांच्याविषयी गोड लिहीन असं कोणी समजू नये. मंजुळाबाईने मला हे सगळं सांगितलं तेव्हा तीच म्हणाली होती, ‘‘लिहायचं तर नीट लिही. न्हाई तर लिहू नको.’’

१९४० साली सोनाजीचं आणि तातेरावांचं एका बैलावरून भांडण झालं. बैल विकायचा की ठेवायचा, एवढंच. सोनाजी रागारागाने हिंगोलीला गेला आणि निजामाच्या फौजेत भरती झाला. पुढच्या साली त्याची पलटण मलायाला गेली. मलाया कुठे आहे ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. उर्दूत लिहिलेली दोन पत्रं आली, ती शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. दोन्हींत मजकूर एकच: मी खुशाल आहे, दादाला नमस्कार, बैलाची काळजी घेणे. बायकोचं नाव नाही. पत्रात बायकोचं नाव घालायची रीतच नव्हती. मग जपान्यांनी तिकडचा मुलूख घेतला आणि पत्रं थांबली.

त्रेचाळीस साली सेनगावाकडचा एक शिपाई अधू होऊन परत आला. सोनाजीला गोळी लागून पडताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने सांगितलं. सहा महिन्यांत तो शिपाईही मेला, म्हणजे पुन्हा विचारायची सोय उरली नाही. वर्षभर तातेराव थांबले. त्या वर्षात सासू गेली, एक म्हैस मेली, पार्वतीबाईचं मूल पोटात गेलं. चार लोक म्हणू लागले की भावाला अग्नी मिळाला नाही, तो घरावर फिरून राहिला. तातेराव औंढ्याला जाऊन गुरुजींना घेऊन आले.

प्रेत नसेल तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. मंजुळाबाई सांगायची, ‘‘नारळाला धोतराचं फडकं गुंडाळलं व्हतं. मी म्हणलं, हे काय तोंड हाय? पण मलाच कुठं धड आठवत व्हतं, कोणाला सांगू की हे त्यायचं न्हाई म्हणून!’’ तातेरावांनी पुतळ्याला अग्नी दिला. हिच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही, याचीही गावाने नोंद घेतली. वीस वर्षांची विधवा रडत नाही म्हणजे काहीतरी आहे.

तातेरावांनी तिला पोटापुरतं खालचं वावर दिलं. दुसरी असती तर गड्याकडून करून घेतलं असतं. हिने स्वतः तिफण धरली. बाईने तिफण धरू नये, पीक रुसतं, असं सांगायला माणसं बांधावर येऊन गेली. पीक काही रुसलं नाही.

शेहेचाळीस सालची सर्वपित्री अमावास्या. मरणाची तिथी माहीत नसलेल्यांचं पान त्या दिवशी ठेवतात, म्हणून सोनाजीचं त्या दिवशी. दुपारी तातेराव घराच्या सपाट छतावर, माळवदावर, पान ठेवून कावळ्याला हाका मारत होते. कावळा समोरच्या लिंबावर बसून बघत होता, पण येत नव्हता. गेल्या साली आला नव्हता, त्याच्या आदल्या सालीही नाही. तातेराव घामाघूम.

‘‘सोन्या, बाबा, काय राहिलं तुझं? तुझ्या बायकोला उपाशी ठेवणार न्हाई. तो बैलबी इकला न्हाई म्या, अजून दावणीला हाय. घास घे आता, काहून तकलीफ देतो?’’

खालून, अंगणातून आवाज आला, ‘‘दादा, कोणाला बोलून राहिला?’’

अंगणात एक माणूस उभा होता. हाडाचा सापळा, पुढचे दात नाहीत, अंगावर खाकी सदरा, हातात काठी. पार्वतीबाईच्या हातातलं कढीचं पातेलं खाली आलं. त्या माणसाने पायावर उडालेली कढी झटकली, पानं-पत्रावळी बघितल्या आणि विचारलं, ‘‘आज कोणाचं पितर हाय?’’

 

तातेराव वरूनच ओरडले, ‘‘तिथंच थांब! उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको!’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला आणि खाली बसला. ‘‘पण खायला द्या कायबी. सकाळधरून चालून राहिलो.’’

पार्वतीबाईने लांबूनच एक पान त्याच्या पुढे सरकवलं. नंतर कळलं की ते पितरांचंच दुसरं पान होतं. त्याने खीर खाल्ली, वडे खाल्ले, भाकरीला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तातेरावाच्या घरी कोणीतरी स्वतःच्या श्राद्धाचं जेवून बसलाय, आणि कुणब्याचा म्हणवतो पण भाकरी खात नाही.

मंजुळाबाई दाराआडून पाहत होती. तिला काय वाटलं, असं मी विचारलं. मला काहीतरी उमाळ्याचं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘मला वाटलं, हा कोण भामटा?’’

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. तो काळच तसा होता. अनोळखी माणूस दिसला की पोलिसाचा असेल, दरोडेखोरांचा असेल, असं आधी वाटायचं, मग रामराम. त्याने फौजेचा कागद काढून दिला.

‘‘कागद काय, मेलेल्याच्या खिशातूनबी काढता येतो,’’ दगडोबा सुतार म्हणाला. हा गावातला सगळ्यांत संशयखोर माणूस. लाकूड काटकोनात आहे असं दुसऱ्याने सांगितलं की तो गुण्या लावून बघायचा.

मग प्रश्न सुरू झाले. आईचं माहेर कोणतं? बरोबर सांगितलं. बैलाचं नाव? ढवळ्या. बरोबर. बापाला कुठे जाळलं? ओढ्याच्या अलीकडे. हे चुकलं, ओढ्याच्या पलीकडे. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव? आठवेना. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘‘दाजीचं नाव इसरलास?’’

‘‘साडेतीन साल कैदेत व्हतो, बाबा. तापात माझं सोताचं नाव इसरलो व्हतो.’’

‘‘मग ढवळ्याचं बरं ध्यानात राह्यलं?’’

‘‘दाजीवरून भांडण थोडंच झालं व्हतं!’’

दोन-चार जण हसले. दगडोबा हसला नाही. तो म्हणाला, ‘‘पढवून आलेला आसंल तर हसवायचंबी पढवलं आसंल.’’

तातेराव एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, थोरला भाऊ आहे, जपून बोलत असेल. खरं काय होतं ते मी सांगते. हा माणूस सोनाजी असेल तर तातेरावांनी जिवंत भावाला अग्नी दिला होता, त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या होत्या आणि तीन सालं जिवंत माणसाच्या नावाने कावळ्याला हाका मारल्या होत्या. हा भामटा असेल तर यातलं काहीच झालं नव्हतं. हा भामटा निघावा म्हणून माझे आजोबा मनातल्या मनात देवाला विनवीत होते. जमिनीचा लोभ होता असं लोक पुढे म्हणाले, ते खोटं. लोभी माणसाची झोप बरी लागते.

औंढ्याच्या गुरुजींना बोलावणं गेलं. ते आले, पाटावर बसले आणि त्यांनी शास्त्र सांगितलं. ज्याचा पुतळा जाळला तो मेला. तो परत आला तर त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याच्या हातचं पाणी नाही, त्याला शिवायचं नाही.

‘‘पण हे सगळं तो तोच असेल तर,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘नसेल, तर तुमच्या घरच्या विधवेचं परक्या बाप्याशी लग्न लावल्याचं पाप माझ्या माथी. ते मी घेणार नाही. बायकोनं ओळखला पाहिजे. तिनं चारचौघांत सांगावं.’’

मंजुळाबाई म्हणायची, ‘‘पह्यल्या लग्नाला मला कोणी इचारलं न्हाई. बांगड्या फोडतानी इचारलं न्हाई. आता सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले, अन् मला काय सांगायचं ते ठावं न्हाई!’’ हो म्हणावं आणि तो परका निघाला तर जन्माचा विटाळ. नाही म्हणावं आणि तो खरा असला तर जिवंत नवऱ्याला तिनेच हाकलला. तिने मुदत मागितली. तो माणूस खालच्या वावरातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपरात, राहायला गेला. जेवण द्यायचं काम तिच्यावर आलं, कारण बाकी सगळे घाबरत होते.

ती बांधावर भाकरी ठेवायची, दहा पावलं मागे सरकायची आणि बघत उभी राहायची. तो भाकरी पाण्यात कुस्करून खायचा. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, ‘‘तू काहून बघती एवढं?’’

‘‘तुमी तेच हायत कशावरून?’’

‘‘अन् तू मंजुळा हायस कशावरून?’’

 हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘मंजुळा माझ्या खांद्याला लागत न्हवती,’’ तो म्हणाला. ‘‘काडीवानी व्हती. बोलली तरी ऐकू येत न्हवतं. तू तर माझ्याएवढी उंच. परवा बैलावर वरडत व्हतीस, त्या बांधाला ऐकू गेलं. दादानं दुसरीच बाई उभी केली आसंल तर मला काय कळणार?’’

‘‘मोठे भावजी काहून दुसरी बाई उभी करतील?’’

‘‘मग मीबी काहून दुसरा आसंल? हाडं घेऊन फुकट मरायला आलो का तुमच्या गावात?’’

‘‘मी सोळा वर्साची व्हते तवा. माणूस वाढत न्हाई का?’’

‘‘अन् झिजत न्हाई का?’’

ती भाकरीचं फडकं उचलून निघून आली. रागावली होती. पण मला सांगताना ती एवढी हसली की तिला ठसका लागला. हिचा संशय बरोबर, त्याचाही बरोबर, आणि दोघांमध्ये दहा पावलं.

तोवर रब्बीची पेरणी आली. दगडोबाने तोडगा काढला. ‘‘तोंडानं खोटं बोलता येतं, हातानं न्हाई. सोनाजीसारखी तिफण गावात कोणाची न्हवती. दोरी लावल्यावानी तास. द्या याच्या हाती तिफण अन् बघा.’’ ही कल्पना गावाला फार आवडली. फुकटची करमणूक होती. सकाळीच खालच्या वावराच्या बांधावर अर्धं गाव येऊन बसलं. बैल जुंपले. त्याने मूठ चाड्यावर ठेवली. मंजुळाबाईने मागची नळी धरली. पुतळा जाळल्यापासून ती पहिल्यांदाच तिफणीच्या मागे होती, पुढे नव्हती.

तास वाकडं गेलं. पहिलं वाकडं, दुसरं त्याहून वाकडं. कैदेत त्याचे पाय सुजून सुजून कामातून गेले होते, डावा पाय ओढत होता, बैल त्याला ओढून नेत होते. बांधावर शिट्ट्या सुरू झाल्या.

‘‘अरे, साप गेला का पेरत?’’

‘‘सोनाजीचा आत्मा रडत आसंल!’’

मंजुळाबाई ती पाठ बघत होती. ओळखीचं काही दिसत नव्हतं. खांदे उतरलेले, मान पुढे गेलेली. ही पाठ कोणाचीही असती. तिने मनाशी ठरवलं की वावर पेरून झालं की सांगायचं, हा तो नव्हे.

तिसऱ्या तासाला, वावराच्या मधोमध, तो बैलांना काहीतरी बोलता बोलता एका हाताने तिफण उचलून तीन पावलं चालला, आणि पुन्हा टेकवली. बोलणं थांबलं नाही, मान वळली नाही. पुढे गेला. वळून आल्यावर चौथ्या तासाला त्याच जागी पुन्हा तिफण उचलली. पाचव्यालाही. वावराच्या मधे बाजेएवढी जागा कोरी राहिली.

बांधावर हशा झाला. ‘‘मधी जागा काहून सोडली रे? पुन्हा पुतळा जाळायला का?’’ दगडोबाने मान हलवली. ‘‘झालं. कुणबी न्हाई हा. पेरायचं वावर कोरं सोडतो.’’

मंजुळाबाईच्या हातातली नळी सुटली. त्या जागी जमिनीखाली एक मोठा धोंडा होता. वरून दिसायचा नाही, पण तिफण त्यावरून नेली तर फण मोडायचा. सोनाजी तिथे आला की न बघता तिफण उचलायचा. दोन हंगाम तिने मागून पाहिलं होतं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने पहारीने तो धोंडा उकरून काढला आणि बैलांनी ओढून ओढ्यात टाकला. आता तिथे नुसती माती होती. ज्याला कोणी पढवलं असेल, त्याने ती जागा बेलाशक पेरली असती. तिथे न पेरण्याची चूक करणारा माणूस जगात एकच होता.

तिने बांधाकडे पाहिलं. सगळे हसत होते. तातेराव हसत नव्हते. ते मान खाली घालून गवताची काडी मोडत होते. त्या धोंड्यावर तातेरावांचाही फण एकदा मोडला होता, आणि तो ओढून न्यायला बैलजोडी त्यांनीच दिली होती.

ती लगेच बोलली नाही, नळी उचलून पुन्हा मागे चालू लागली. तिला बघायचं होतं की दीर बोलतात का. आणखी एक तास पेरून झालं, मग दुसरं. माणसं उठून निघायला लागली. मग तिने ती गोष्ट केली जी तिच्या घरात कोणा सुनेने केली नव्हती. वावर तुडवत बांधाशी गेली आणि थोरल्या दिराशी, चारचौघांत, सरळ बोलली.

‘‘मोठे भावजी, त्या जागी काय व्हतं ते सांगा.’’

तातेरावांनी वर पाहिलं नाही.

‘‘मी सांगितलं तर म्हणतील, बाईला नवरा पाह्यजे म्हणून बोलून राहिली. तुमी सांगा.’’

ती तिथेच उभी राहिली. मग तातेराव म्हणाले, ‘‘धोंडा व्हता.’’ आणि मग, कोणी विचारलं नसताना, ‘‘म्या माझ्या जित्या भावाला जाळलं.’’  दगडोबा उठून त्या कोऱ्या जागेपर्यंत गेला, काठी जमिनीत खुपसून पाहिली, खोल उकरलेल्या भुसभुशीत मातीत हातभर आत गेली, तेव्हा त्याची खात्री झाली.

इथे गोष्ट संपायला हवी असं पुष्कळांना वाटतं. नवरा ओळखला, आता वाजवा सनई. पण मंजुळाबाई तशी बाई नव्हती. तो सोनाजी आहे हे ठरलं होतं. त्याच्याशी पुन्हा लग्नाला बसायचं की नाही, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. गुरुजींनी तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस काढला. तोवर ती रोज आखाड्यावर जायची. आता पाच पावलांवर बसायची, बोलायची. आणि ऐकताना कान टवकारून ठेवायची, कारण एक हिशेब तिला लागत नव्हता. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मग हा इतके दिवस होता कुठे?

‘‘दवाखान्यात व्हतो,’’ तो म्हणायचा. ‘‘मग चौकशीला ठेवलं. मग आलो.’’

एक दिवस बोलता बोलता कापसाचा विषय निघाला. तो म्हणाला, ‘‘कापसाचा काय भरवसा. त्या हिंगोलीच्या जिनाला आग लागली, दोन दिवस धुमसत व्हता.’’

‘‘कवाची आग?’’

‘‘ती मोठी. शिमग्यातली.’’

‘‘ती आग ह्या वर्साच्या शिमग्यातली हाय,’’ मंजुळाबाई म्हणाली. ‘‘तुमी तर अमावास्येला आलात. तुमाला दोन दिवस धुमसलेलं कसं दिसलं?’’

तो काठी शोधू लागला. ती उठली नाही, हलली नाही. शेवटी त्याने सांगितलं. माघातच तो हिंगोलीला उतरला होता. स्टेशनाबाहेर चहा पिताना पुसेगावाकडचा एक गाडीवान भेटला. त्याला ओळख न देता याने घरची चौकशी केली. गाडीवान म्हणाला, तो सोनाजी तर मेला, पुतळा जाळला, त्याची बायको एकटी गड्यासारखी वावर करते, कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हे ऐकून हा तिथेच राहिला. कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, त्या जिनातच, राखणदारी धरली. सात महिने.

‘‘हिंगोलीत?’’ ती म्हणाली. ‘‘अर्ध्या दिवसाची वाट हाय! पांगळा माणूसबी दोन दिवसांत येतो!’’

‘‘माझे पाय बघ. तोंड बघ. तिकडं तू जमीन करून राहिलीस, इकडं मला काठीबिगर उभं राहता येत न्हाई. मला वाटलं, मेलेला हाय तर मेलेलाच बरा. कोणाला काय कमी पडून राहिलं?’’

‘‘अन् मग काहून आलात?’’

‘‘पितरांचा पंधरवडा लागला. जिनातले सगळे गावाकडं गेले. मनात आलं, माझंबी पान ठेवत आसतील. बघून यावं, कोण ठेवतं.’’

ती खूप संतापली. तिचा संताप कशावर होता ते नीट समजून घेतलं पाहिजे. तिला सात महिने पांढऱ्या कपाळाने राहावं लागलं, त्यावर होताच. पण त्याहून जास्त तो तातेरावांवरून होता. पेरणीच्या दिवसापासून तातेराव जमिनीवर झोपत होते, एकवेळ जेवत होते, औंढ्याच्या देवाला अनवाणी चालत जाऊन आले होते. जिवंत भावाला जाळल्याचं पाप एकटे वाहत होते. आणि हा भाऊ माघापासून सगळं ठाऊक असून अर्ध्या दिवसावर बसला होता.

‘‘हे भावजींना सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘चार माणसांत सांगा. त्यांनी चार माणसांत सांगितलं. सांगितलं तर मी पाटावर बसते. न्हाई तर सोनाजी मेला ते बरं झालं, मी माझं वावर करते.’’

‘‘दादा मारील मला.’’

‘‘मारू द्या.’’

त्यानंतर ती आखाड्यावर गेली नाही. भाकरी पार्वतीबाई नेऊ लागली. विधीच्या दिवसापर्यंत दोघांची गाठ पडली नाही. तो सांगेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने लग्नाची साडी घडी न मोडता फळीवर ठेवून दिली होती.

विधी अंगणात झाला. आईचं पोट म्हणून धान्य साठवायची बांबूची मोठी कणगी आडवी ठेवली होती. सोनाजीला तिच्यात सरपटत घातलं, वरून तूपपाणी ओतलं. बाहेर पार्वतीबाई मांडी घालून बसली होती. बाळ बाहेर आलं की तिने मांडीवर घ्यायचं होतं. तिशीच्या दिराला मांडीवर घ्यायच्या विचाराने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. गाव हसू दाबून उभं होतं. गुरुजी मंत्र म्हणू लागले.

कणगीतून आवाज आला, ‘‘बाहेर यायच्या आधी एक सांगायचं हाय.’’

‘‘गर्भात बोलायचं नसतं!’’ गुरुजी ओरडले.

‘‘दादा, मी माघातच हिंगोलीला आलो व्हतो. पुतळा जाळला ते कळलं व्हतं मला. तरी सात महिने तिथंच राहिलो. तुला कळवलं न्हाई. तुझं काही पाप न्हाई. भ्यालो मी, एवढंच.’’

तातेराव पुढे आले. वाकून त्यांनी कणगीत हात घातला, भावाची मानगूट धरून त्याला बाहेर ओढलं आणि सगळ्यांच्या देखत फाडकन मुस्कटात मारली. तूप उडून गुरुजींच्या उपरण्यावर पडलं.

‘‘अहो, अजून जन्म व्हायचाय! शिवलात! शिवलात त्याला!’’

तातेरावांना कुठलं ऐकू येतंय. मारलेल्याच हाताने ते भावाच्या तोंडावरचं तूप पुसत होते आणि रडत होते. ‘‘सात महिने, हरामखोरा! सात महिने मी कावळ्याच्या पाया पडलो!’’

मंजुळाबाई दाराआडून सगळं ऐकत होती. ती फळीकडे गेली, साडीची घडी मोडली आणि नेसून उंबऱ्यावर आली. गावाने पुन्हा डोळे वटारले, कारण बोलावल्याशिवाय नवरी बाहेर येत नसते.

‘‘मोठे भावजी, तुमची झाली,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या वाट्याची मी घरात बघते. गुरुजी, काय तो जन्म लवकर उरका अन् अक्षता काढा. बाहेर उभं करून ठेवू नका, त्यायचा पाय दुखतो.’’

लग्न लागलं. पुढे ती दोघं चोवीस वर्षं एकत्र राहिली. तिफण शेवटपर्यंत तीच धरायची आणि मागे नळी घेऊन सोनाजी चालायचा. मी तिला एकदा विचारलं की त्या दिवशी मनातला संशय गेला का. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं कॉलेज फुकट गेलं.

‘‘संशय काय एका दिसात जातो, बाई? लगीन लावलं ते संशयासकट. तीन पावसाळे, ते गावाला निघाले की मी इचारायची, हिंगोलीला उतरणार का? ते म्हणायचे, न्हाई. मग मी डबा बांधून द्यायची.’’